चार इंजिनं आणि पेलाभर पाणी

"थांब रं साहेब, पाण्याला विचारू."

असं म्हणून काका कापडी पिशवीतून स्टीलचा पेला काढायचे. आमच्या शोरूममधल्या कूलरवर तो काठोकाठ भरायचे आणि गाडीच्या मागच्या सीटवर, हात टेकायच्या उशीवर अलगद ठेवायचे. मग मला पुढं बसून इंजिन चालू करायला सांगायचे. स्वतः मागचं दार उघडं ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून पेल्याकडे बघत राहायचे. दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी उभं असलेलं माणूस तुम्ही पाहिलं असेल. अगदी तसे.

गाडी घ्यायला आलेली माणसंही तुम्ही पाहिली असतील. कुणी दार धाडकन लावून आवाज ऐकतो, कुणी टायरला लाथ मारतो, कुणी बायकोला पुढं बसवून फोटो काढतो. मोहोपाड्याच्या कारखान्यांतली नोकरदार मंडळी पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारतात. ज्यांची जमीन नुकतीच विकली गेली आहे ते सनरूफ विचारतात. पेला घेऊन आलेलं गिऱ्हाईक आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं.

कर्जत-चौक रस्त्यावरच्या त्या शोरूममध्ये मी तेव्हा नुकताच लागलो होतो. आमचं घर दहिवलीत. वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे टाय बांधून कामाला निघालो की आई दारात उभी राहून बघायची. काकांनी त्या टायवरूनच मला "साहेब" म्हणायला सुरुवात केली. त्यात चेष्टा होती, पण टोचणारी नव्हती.

पहिल्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांना ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. त्यांनी विचारलेली गाडी एकच, लहान एसयूव्ही, पण तिच्यात चार इंजिनं मिळत होती. लहान पेट्रोल, मोठं पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी. टॉर्क, पॉवर, परफॉर्मन्स, सगळं इंग्रजीतून. काका मान हलवत शांतपणे ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं? आता तुझ्या बापाला सांगशील तसं सांग."

मी अडखळलो. मग वडील समोर बसले आहेत असं मनात धरून सांगू लागलो. डिझेल म्हणजे अंगात रग असलेला गडी. चढावर, ओझ्याला त्याच्यासारखा कुणी नाही, पण तो चालला की जमीन हादरते. लहान पेट्रोलला तीनच सिलिंडर. गावातल्या गावात झकास, पण जागेवर उभी असली की जराशी डुगडुगते. मोठ्या पेट्रोलला चार सिलिंडर, ती गप्प असते, पण तिला खायला जास्त लागतं. सीएनजी सगळ्यांत स्वस्तात चालते, पण तिची टाकी डिकीत बसते, त्यामुळे मागं सामानाला जागा राहत नाही.

"आता कळलं," काका म्हणाले. "हे असंच सांगत जा सगळ्यांना."

मी आजही तसंच सांगतो. माझं पोट त्या सांगण्यावर चाललं आहे.

काका भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडून जवळच्याच गावात घर बांधलं होतं. थोडी भातशेती होती, एक मुलगी होती, ती लग्न होऊन नाशिकला गेलेली. शोरूमच्या कोपऱ्यात विजेवर चालणारी गाडी उभी असायची. तिच्यात पेला ठेवला तर पाणी आरशासारखं स्थिर राहिलं. काका बराच वेळ बघत राहिले, मग पेला उचलून म्हणाले, "ही नको. आमच्याकडं पावसात वीज गेली की दोन दोन दिवस येत नाय. वीज बनवायला पण मी आणि अंधारात पण मीच." सगळं शोरूम हसलं. सनरूफ दाखवलं तेव्हा, छपराला पडलेलं भोक बुजवून मिळेल का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

ते दर आठवड्याला येऊ लागले. शोरूममधल्या मुलांनी त्यांचं नाव "पेलेवाले काका" पाडलं. आमच्या मॅनेजरांना मात्र हे गिऱ्हाईक काही घेणार नाही असंच वाटत होतं. एक दिवस त्यांनी स्वतः पुढं होऊन काकांना आमचा नेहमीचा प्रश्न विचारला, महिन्याचं रनिंग किती? कुठलं इंजिन घ्यायचं ते या एका उत्तरावर ठरतं. फिरणं जास्त असेल तर डिझेल, कमी असेल तर पेट्रोल.

"एकदा जायचंय," काका म्हणाले.

मॅनेजर हसले. एकदाच जायचं असेल तर भाड्याची गाडी करा, त्यासाठी नवी कशाला, असं म्हणाले. काकांनी पेला नॅपकिनात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो. तिथं त्यांनी मला सांगितलं.

काकूंना कॅन्सर होता. तो पाठीच्या मणक्यांत उतरला होता. नव्या मुंबईतल्या इस्पितळानं औषधं लिहून देऊन घरी न्यायला सांगितलं होतं. त्या दिवशी काकांनी भाड्याची गाडी केली होती. जुनी, खडखडणारी. घरी पोहोचेपर्यंत काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. काकांनी पुन्हा पुन्हा विचारलं, दुखतंय का, आणि काकू प्रत्येक वेळी मानेनंच नाही म्हणाल्या. उतरताना पदराला दातांनी भोक पडलेलं काकांना दिसलं.

काकूंचं माहेर खालापूर तालुक्यात, चौकच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. त्यांचा भाऊ अधूनमधून येऊन भेटून जायचा. पण काकूंना तिथं जायचं होतं. भावाच्या ओटीवर एकदा बसायचं, एवढंच मागणं होतं.

"ती दुखतंय असं कधी म्हनत नाय रं," काका म्हणाले. "लग्न झाल्यापास्नं नाय. म्हनून मी पाण्याला विचारतो. पाण्यावर नोकरी केली मी, पाणी माझ्याशी खोटं बोलत नाय."

मी शिकल्यासारखं बोलून गेलो की, धक्के इंजिनापेक्षा रस्त्याचेच जास्त बसतात.

"रस्ता माझ्या हातात नाय," ते म्हणाले. "इंजिन हाय."

त्यानंतर मी त्यांच्यासाठी वेगळ्या नजरेनं गाडी बघू लागलो. सीएनजी पहिल्याच फेरीत गेली, कारण काकूंची घडीची व्हीलचेअर टाकीमुळे डिकीत मावेना. लहान पेट्रोल सिग्नलला उभी राहिली की पाण्यावर बारीक शहारा उठायचा, ती गेली. राहिली डिझेल आणि मोठं पेट्रोल. माहेरच्या वाटेवर शेवटी चढ होता, त्यामुळे काकांचं मन डिझेलकडे ओढ घेत होतं. मी म्हटलं, काकूंना शोरूममध्ये आणू नका, टेस्ट ड्राइव्हची गाडी मीच घरी घेऊन येतो.

पहिल्यांदा डिझेल नेली. काकू चांगली साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून व्हीलचेअरवर तयार बसल्या होत्या. अगदी वाळल्या होत्या, पण डोळे मिस्कील. काकांनी त्यांना उचलून मागं बसवलं, पाठीशी उशी दिली आणि हातात भरलेला पेला दिला. गाडी काका चालवत होते, मी शेजारी. काकांचं अर्धं लक्ष आरशातून मागच्या पेल्याकडे.

"अवो, पुढं बघा," मागून काकू म्हणाल्या. "आन मला विचारायचं सोडून पेल्याला काय विचारताय?"

"पेला खरं सांगतो म्हनून."

काकूंनी पेला दोन्ही हातांनी नीट धरला. मग हसल्या. मला म्हणाल्या, "बघ बाळा. एवढी वर्सं संसार केला, आन इस्वास पेल्यावर."

पेला त्यांच्या माहेरचा होता. लग्नातल्या भांड्यांतला, त्यांचं माहेरचं नाव घातलेला. त्या दिवशी गाडी कशी वाटली विचारलं तर काकू म्हणाल्या, झ्याक हाय. पण उतरवताना त्यांच्या मांडीवरची साडी ओली झालेली दिसली, आणि डिझेलचा विषय संपला.

पुढच्या आठवड्यात मोठं पेट्रोल नेलं. गावाबाहेर पडलो, नदीवरचा पूल ओलांडला, तरी मागून काही आवाज नाही. मी वळून पाहिलं तर काकूंची मान उशीवर कलली होती. पेला हातात तसाच, सरळ. मी हळूच मागं हात नेऊन तो काढून घेतला. काकूंना झोप लागली होती.

काकांनी गाडी थांबवली नाही. थांबवली तर ती जागी होईल, असं मला खुणेनं सांगितलं. नेरळपर्यंत गेलो, तिथून फिरवली, पुन्हा भिवपुरीकडे आलो, पुन्हा फिरवली. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढं निघून जात होत्या. मॅनेजरांचा फोन आला, तो मी कापला. काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यामुळे ते पुसत नव्हते. काकांच्या घरी परतल्यावर मला कळलं, काकू त्याआधी कित्येक रात्री धड झोपल्या नव्हत्या.

अशा तऱ्हेनं इंजिन ठरलं.

पण मोठ्या पेट्रोलला मागणी फार आणि गाड्या कमी. थांबावं लागणार होतं. डिझेल मात्र आमच्या यार्डात धूळ खात उभी होती. मॅनेजरांनाही एव्हाना सगळं कळलं होतं आणि त्यांचा सूर बदलला होता. त्यांनी काकांना बाजूला घेऊन समजावलं की, डिझेल उद्याच्या उद्या नेता येईल, थांबू नका. काका यार्डात गेले, त्या गाडीत पुन्हा पेला ठेवला. मी इंजिन चालू केलं. पाण्यावर वर्तुळं उठली. काका वाकून बघत राहिले, जणू बघून बघून ती थांबतील.

"नाय," ते म्हणाले. "तिला झोप लागली ती दुसरीत."

काकांनी नोंदवलेली गाडी आली ती नेमकी पितृपक्ष लागला तेव्हा.

आमच्या धंद्यात तो पंधरवडा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. शोरूममध्ये माणूस फिरकत नाही. तयार गाड्या रांगेनं उभ्या असतात, पण कुणी घरी नेत नाही, सगळ्यांना घटस्थापना नाहीतर दसरा हवा असतो. माझी आई तर त्या दिवसांत नवा झाडूसुद्धा घेत नाही. मी काकांना गाडी आल्याचं कळवलं आणि सवयीनंच म्हणालो की, घटस्थापनेला डिलिव्हरी ठेवू.

काका दुपारीच आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आजच दे. मी हे पंधरवड्याचं मानत नाय." मॅनेजर कागद करायला तयार झाले. तेवढ्यात काकांनी काकूंना सांगायला फोन लावला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"पितरांच्या दिवसांत गाडी घरी नका आणू," काकू म्हणाल्या. आवाज अगदी बारीक येत होता.

"अगं, काय होत नाय."

"चालवनार तुमी. तुमाला काय झालं तर मला कोन हाय?"

"तुला भावाकडं जायचंय ना पन?"

"भावाची ओटी कुटं पळून जात नाय. घटस्थापनेला जाऊ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं. पण काकू स्वतःसाठी नाही, काकांच्या जिवासाठी म्हणत होत्या. मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं.

"बरं," काका फोनमध्ये म्हणाले. "तू म्हनशील तसं."

त्या पंधरवड्यात ते जवळजवळ रोज यायचे. रिकाम्या यार्डात गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर, काकूंच्या जागेवर बसायचे. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी स्वतः काढलं, ते चुरचुरतं म्हणून. काकूंची उशी आणून ठेवली. व्हीलचेअर आणून डिकीत घालायची आणि काढायची सवय केली, आवाज न करता. मग घरी जायचे. मी विचारायचो, काकू कशा आहेत. "झ्याक हाय म्हनते," ते सांगायचे.

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी ते आले नाहीत. त्या सकाळी त्यांचा फोन आला.

"साहेब, घटस्थापनेचं रद्द कर."

एवढंच बोलले. मी फोन हातात धरून उभा राहिलो. समोर गाडी उभी होती, खिडकीच्या काचेतून उशी दिसत होती.

मी काकांच्या घरी गेलो तेव्हा गावातली माणसं अंगणात जमली होती. नाशिकहून मुलगी यायची होती. काकूंचा भाऊ भिंतीला डोकं टेकून बसला होता. काका मला बघून उठले नाहीत. मी शेजारी बसलो तेव्हा म्हणाले, "त्याच पेल्यातनं पाणी पाजलं रं शेवटचं. दोन चमचं गेलं."

गाडी आता ते घेणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. मॅनेजर म्हणाले, त्यांनी नाही म्हटलं तर आपण काही बोलायचं नाही. पण दिवस-कार्य उरकल्यावर काका आले. डोकं भादरलेलं, पांढरा सदरा, हातात तीच कापडी पिशवी. डिलिव्हरीला आम्ही गाडीवर लाल कापड घालतो, टाळ्या वाजवतो, मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतो. मी मुलांना सगळं बाजूला ठेवायला लावलं होतं. काकांनी गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, नारळ कुठाय? लिंबं कुठायत?

"ती असती तर ओरडली असती," म्हणाले.

म्हणून मी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू लावलं. मग काकांनी पिशवीतून पेला काढला, कूलरवर जाऊन काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.

"येतोस का? तिच्या माहेरी जाऊ. तू मागं बस. धर."

मॅनेजरांनी मानेनंच मला जा म्हटलं. मी काकूंच्या जागेवर, त्यांच्या उशीला पाठ न लावता बसलो. पेला दोन्ही हातांत धरला. त्यावर कोरलेलं नाव माझ्या अंगठ्याला लागत होतं.

काकांनी गाडी अशी चालवली की बैलगाडीसुद्धा पुढं गेली असती. चौकपर्यंतचा रस्ता बरा होता. पेल्यातलं पाणी जरासंही हललं नाही. इंजिन चालू आहे की नाही, हे मान वाकवून ऐकावं लागत होतं. काकांनी निवडलं होतं ते बरोबर होतं. ते आरशात बघत नव्हते. एकदाही नाही. नजर समोर, रस्त्यावर. काकूंनी सांगितलं होतं तसं.

चौकच्या पुढं आत वळलो आणि रस्ता संपला. पावसानं डांबर वाहून गेलं होतं, नुसते खड्डे आणि दगड उरले होते. काका चाक दगडावरून हळूहळू उतरवत होते, तरी गाडी डावीउजवीकडे झुलत होती. मी कोपरं पोटाशी घट्ट धरली. पहिल्या खड्ड्याला पाणी बोटांवर आलं. दुसऱ्याला मांडीवर. चढाला लागलो तेव्हा माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली होती.

"हललं का रं?" काकांनी पुढं बघतच विचारलं.

"नाही, काका," मी म्हणालो.

गाव आलं. अंगणात गाडी थांबली. काकूंचा भाऊ ओटीवरून उठून उभा राहिला, त्याची बायको दारात आली. काका उतरले, त्यांनी मागचं दार उघडलं. काकूंना उतरवायला वाकायचे तसेच वाकले. त्यांना माझी ओली पँट दिसली, पेल्याच्या तळाशी राहिलेलं घोटभर पाणी दिसलं.

ते माझ्याकडे बघत राहिले.

"तू बी तिच्यासारखाच," म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला. दोन्ही हातांनी धरून, पायाखाली बघत अंगण ओलांडलं, पायऱ्या चढले आणि पेला ओटीवर, भिंतीला टेकून ठेवला. मग त्याच्याशेजारी थोडी जागा सोडून बसले.